झाकण नसलेली टाकी

मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. मित्रांनो, आज माझ्या पोटात पाण्याचा थेंब नाही. बेलापूरच्या खाडीच्या अलीकडे, मुलींच्या अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहामागे मी कुशीवर पडून आहे. माझ्या तळाची चाळण झाली आहे. रखवालदाराच्या कोंबड्या आत येऊन अंडी घालतात. त्यातली एखादी खुडूक बसली, की मला बरं वाटतं. निदान आता माझ्यामुळे कुणाला अपाय होत नाही. पाण्याची टाकी कुणाला काय अपाय करणार, असं तुम्हाला वाटेल. तेच तर सांगायचं आहे. गोष्ट माझी आहे, पण माझ्यापेक्षा ती अरुणा गाडेकर नावाच्या एका मुलीची जास्त आहे.

माझा जन्म महाप्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत झाला. साल एकोणीसशे ऐंशी. एका पत्र्याच्या शेडमध्ये भगवान नावाचा वेल्डर होता, त्यानं मला घडवलं. माणूस अबोल, पण कामाला चोख. सांधे जोडून झाल्यावर त्यानं मला काठोकाठ भरलं आणि दिवसभर माझ्याभोवती फिरून एकेका सांध्यावरून तळहात फिरवला. कुठं ओल लागते का ते बघत होता. मग तो माझ्या तोंडातून आत उतरला, आतून लाल रंगाचे दोन हात दिले, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा लाल झाल्या होत्या. वसतिगृहात मला चढवून झाल्यावर त्यानं रेक्टरबाईंना सांगितलं, "बाई, दर तीन महिन्यांनी हिला आतून घासायची. झाकण उघडं टाकायचं नाही. एवढं केलंत तर ही तुमच्या पोरींना वीस वर्षं पाणी पाजेल."

रेक्टरबाईंचं नाव दुर्गाबाई. त्यांनी मला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि माझ्या पोटातलं पहिलं पाणी स्वतः ओंजळीनं प्यायल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

अंगणात पुरुषभर उंच विटांचा चौथरा होता, त्यावर मी. माझ्या पायाशी चार नळ. समोर ऑफिसची मागची खिडकी, डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजवीकडे संडासांची रांग. त्यामुळे वसतिगृहातलं सगळं बोलणं माझ्या कानावर पडायचं. पहिली दोन-तीन वर्षं फार सुखाची गेली. सकाळी मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि उभ्या उभ्या पाठ घोकायच्या. बालमानसशास्त्राच्या व्याख्या मलाही पाठ झाल्या होत्या. कुणी कोकणातली, कुणी देशावरची, कुणी खाडीकाठच्या गावची. सुट्टीहून परत आली की एखादी म्हणायची, "आमच्या विहिरीला असं पाणी नाही बाई." ते ऐकलं की माझं लोखंड गार व्हायचं.

माझी निगा राखायची सखू. ती खाडीकाठच्या दिवाळे गावची, कोळ्याघरची. नवरा होडीवर जायचा, ही वसतिगृह झाडायची. तीन महिने झाले की पदर खोचून, हातात नारळाचं सोडण घेऊन ती माझ्या तोंडातून आत उतरायची आणि आतून मला रगडायची. "सरक गो बाय, तुजा कोपरा घासूंदे," असं म्हणायची. मी कुठं सरकणार? पण तिच्या त्या बोलण्यानं मला घरच्यासारखं वाटायचं.

मग मुली वाढल्या. चाळीस मुलींसाठी बांधलेल्या इमारतीत शंभरावर मुली आल्या. तिघींच्या खोलीत सात. दोन खाटांच्या मधे ट्रंका, ट्रंकांवर पथाऱ्या. भिंतींना ओल, गाद्यांत ढेकूण, आमटीत डाळ शोधावी लागे. चार संडासांपैकी दोन तुंबले ते तुंबलेच. माझ्या सफाईसाठी मला रिकामी करावं लागायचं, म्हणजे एक दिवस पाणी बंद. दुर्गाबाई म्हणाल्या, "सखू, एवढ्या पोरींनी दिवसभर काय करायचं? पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना आला आणि गेला. तसे बरेच महिने गेले.

त्याच सुमारास संडासांमागे नवं गटार खणलं. रस्त्याकडून माझ्याकडे येणारा पाण्याचा पाईप त्या गटारातूनच पुढं आला. एका सांध्याला चीर गेली. सकाळी तासभर पाणी यायचं तेव्हा त्या चिरेतून ते बाहेर गळायचं. पाणी बंद झालं, की गटारातलं आत शिरायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तेच माझ्यात येऊन पडायचं. मला कळत होतं. पण टाकीला ओरडता येत नाही.

आणि माझं झाकण गेलं. त्र्याऐंशीच्या संमेलनाला मोठे पाहुणे यायचे होते. फाटकातल्या गटारावरची फरशी नेमकी आदल्या दिवशी फुटली. संस्थेचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली. चांगलं जाड पत्र्याचं झाकण होतं माझं. दोन माणसांनी ते उचलून नेलं आणि गटारावर टाकलं. पाहुण्यांची मोटार त्यावरून ऐटीत आत आली. झाकण तिथंच राहिलं. मी उघडी पडले. कावळे काठावर बसून भाकरीचे तुकडे भिजवू लागले. एक पारवा आत पडला, दोन दिवस पंख मारत राहिला, मग थांबला.

अशा वेळी, चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये, अरुणा आली.

ती ओतूरची. वडील शिंपी. पाठच्या दोन बहिणी. अंगानं किडकिडीत, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. पहिल्याच सकाळी तिनं बादली भरली आणि बाजूला सरून बादलीत वाकून बघत राहिली. मागच्या मुलीनं विचारलं, "काय गं, अंगठी पडली?"

"नाही. अळ्या आहेत."

"मग त्यात काय? रुमालानं गाळून घे. सगळ्या तेच करतात."

ही मागची मुलगी म्हणजे नंदिनी खोपकर. महाडची. वडील एस. टी.त कंडक्टर, आई लहानपणीच गेलेली. नंदिनीला कशाचंही हसू यायचं. ढेकणांनाही तिनं एकेक नाव दिलं होतं. खोलीत दोघींची पथारी शेजारी शेजारी होती, आणि महिन्याभरात दोघी अशा झाल्या की एकीला हाक मारली तर दुसरी 'ओ' द्यायची.

अरुणानं अर्ज लिहिला. दुर्गाबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "गाडेकर, घरी काय सोन्याच्या हंड्यातलं पाणी पितेस?"

"नाही बाई. नदीचं पितो. पण त्यात कावळे मरून पडलेले नसतात."

बाईंना राग आला, आणि थोडी लाजही वाटली असावी. त्या स्वतः खोलीत स्टोव्हवर पाणी उकळून पीत. मुलींना स्टोव्ह ठेवायला बंदी होती. अर्ज त्यांनी पुढं पाठवला. पुढं म्हणजे साहेबांकडे. उत्तर आलं नाही. अरुणानं दुसरा अर्ज लिहिला, या वेळी सह्या घेऊन. साठ-सत्तर सह्या झाल्या. नंदिनीनं मात्र केली नाही.

"अरू, दोन वर्षं काढायची गं," ती माझ्या चौथऱ्यावर पाय हलवत बसून म्हणाली. "मग शाळेत लागायचं. बाबांना मी सांगितलंय, तुमची ती कातड्याची बॅग खुंटीला टांगायची आणि घरी बसायचं. मला इथं कुणाच्या नजरेत यायचं नाही."

"आणि आजारी पडलीस म्हणजे?"

"मी? मला माशीसुद्धा चावत नाही!"

डिसेंबरात तपासणीला तीन पाहुणे आले. वसतिगृहाला चुना लावला, पायऱ्यांवर रांगोळ्या काढल्या. ऑफिसात चहा चालू असताना अरुणा परवानगी न घेता आत गेली आणि माझ्या पाण्यानं भरलेली काचेची बाटली तिनं टेबलावर, चिवड्याच्या बशीशेजारी ठेवली. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. बाटलीत गढूळ पाणी, आणि त्यात वळवळणारे लाल धागे.

"हे आम्ही पितो," ती म्हणाली.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी चष्मा काढून बाटली पाहिली. "बघितलं पाहिजे हं साहेब," म्हणाल्या. साहेब हसत म्हणाले, "कामं चालू आहेत, मॅडम. नवं शहर आहे." चहा संपला. पाहुणे गेले. बाटली सखूनं उचलून मोरीत ओतली.

चार दिवसांनी अरुणाचे वडील आले. साहेबांनी तार करून बोलावलं होतं. दुकान बंद करून, मिळेल त्या गाडीनं निघालेला माणूस. मोजपट्टी गळ्यातच राहून गेली होती. साहेबांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"मुलगी शिकायला पाठवलीय की पुढारीपण करायला?"

"चुकलं असंल साहेब. ल्हान हाये."

"लहान? पाहुण्यांसमोर संस्थेची अब्रू घालवली तिनं. आजच्या आज पटावरून नाव काढतो."

वडिलांनी हात जोडले. मग साहेबांनीच मार्ग सुचवला. मुलीनं माफीपत्र लिहून द्यावं. कोरा कागद पुढं आला. अरुणा उभीच होती. साहेब सांगू लागले: "वसतिगृहातील पाण्याबद्दल मी केलेली तक्रार खोटी होती. पाणी स्वच्छ असून माझी अथवा इतर मुलींची त्याबद्दल काही तक्रार नाही..."

"हे मी नाही लिहिणार, दादा," ती वडिलांकडे वळून म्हणाली. "माफी मागते. पण पाणी स्वच्छ आहे, असं नाही लिहिणार."

वडील तिच्याजवळ गेले. त्यांचा आवाज इतका खाली गेला, की मला जेमतेम ऐकू आला. "आरू, तुज्यामागं दोघी हायेत. तू मास्तरीण झालीस तर त्यांचं काई व्हईल. न्हाईतर तिघी माज्या मशिनीपाशी बसून काजं करत्याल. एका कागदानं पाणी का बदलतंय, पोरी? लिही."

तिनं लिहिलं. खाली नाव लिहिलं. साहेबांनी कागद वाळवला आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

निघताना वडील माझ्या नळापाशी आले. ओंजळ धरली. अरुणा धावली, "दादा, नको!" पण ते पोटभर पाणी प्यायले, त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ग्वाडच तर हाये की." मुलीची समजूत काढायला दुसरं काही त्या माणसापाशी नव्हतं.

त्या दिवसानंतर अरुणा गप्प झाली. रांगेत उभी राहायची, बादली भरायची, निघून जायची. बाकीच्या मुलींनीही धडा घेतला. नंदिनी मात्र तिला हसवायला बघायची. "ए पुढारी, बोल ना," म्हणून चिमटे काढायची. अरुणा हसायची, पण पूर्वीसारखं समोरच्याच्या डोळ्यांत बघायची नाही.

फेब्रुवारीत मुली आजारी पडू लागल्या. आधी तीन, मग आठ. भूक नाही, ओकाऱ्या, अंगात ताप, आणि मग डोळे पिवळे. कावीळ. दुर्गाबाई घाबरल्या. त्यांनी एकेकीला घरी धाडायला सुरुवात केली. नंदिनीनं आजार लपवला. तिचा सराव पाठ पुढच्या आठवड्यात होता. तो चुकला तर वर्ष जाणार, असा तिचा धसका. ती डोळे खाली घालून वावरू लागली. तिचं हसणं थांबलं आणि सखूच्या ते लक्षात आलं.

"ह्या पोरीचं डोलं बग गो," सखू अरुणाला म्हणाली. "हलदीवानी झालंत. बाईंना सांग."

अरुणा नंदिनीला घेऊन माझ्या चौथऱ्याआड आली. भर दुपार होती. नंदिनीनं तिचा हात धरला. "मला डॉक्टरकडे ने, अरू. पण तू बोल बाईंशी. माझ्यात उभं राहायचं त्राण नाही."

"मी बोलले तर त्यांना वाटेल, मी परत सुरू केलं," अरुणा म्हणाली. "दादांनी जाताना शपथ घातलीय, पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही म्हणून. तूच सांग ना. नाहीतर दुसऱ्या कुणाला..."

नंदिनीनं मान हलवली. म्हणाली, "बरं. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दोघींनीही काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी नंदिनी नळापाशी बादलीवरच कोसळली. तेव्हा अरुणा ऑफिसात धावली, बाईंच्या पायांवर पडली. लगेच रिक्षा आली. महाडला तार गेली. वडील आले आणि दवाखान्यातूनच तिला घरी घेऊन गेले. मला ती परत दिसली नाही. आठ दिवसांनी पोस्टमननं कार्ड आणलं. ते वाचता वाचता दुर्गाबाई खुर्चीत बसल्या त्या कितीतरी वेळ उठल्या नाहीत. नंदिनी गेली होती.

ते दोन दिवस, मित्रांनो. अरुणा ते दोन दिवस माझ्यापाशी येऊन मोजायची. रांग संपली, की रिकामी बादली घेऊन चौथऱ्याला टेकून उभी राहायची आणि पुटपुटायची, "मंगळवारी सांगितलं असतं तर. बुधवारी सांगितलं असतं तर." तिला मी काय सांगणार? पाणी माझं होतं.

नंदिनीचे वडील, मधुकर खोपकर, पंधरा दिवसांनी तिची ट्रंक न्यायला आले. खाकी कपड्यांतच होते, दाढी वाढलेली. ट्रंक घेऊन निघताना ते माझ्यापाशी थांबले. नळ सोडला, हातावर पाणी घेतलं, वास घेतला. मग चौथऱ्यात बसवलेल्या लोखंडी कांबींवर पाय देऊन वर चढले आणि माझ्यात डोकावले. बराच वेळ ते तसेच वाकून होते. खाली उतरले ते थेट ऑफिसात गेले.

"माझी मुलगी हे पाणी पीत होती?"

साहेब त्या दिवशी तिथंच होते. त्यांनी फार सहानुभूतीनं बोलायला सुरुवात केली. बाहेरची भेळ, बाजारातली फळं, मुलींची हौस. मग म्हणाले, "पाण्याबद्दल म्हणाल, तर एका मुलीनं मधे गैरसमज पसरवला होता. तिनंच पुढं लिहून दिलंय." कपाट उघडलं. कागद बाहेर आला. अरुणाला बोलावलं.

"ही सही तुझी?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"अक्षर तुझं?"

"हो."

खोपकरांनी कागद दोन्ही हातांत धरून वाचला. मग त्यांनी मान वर केली. "तू अरुणा? तुझ्याबद्दल पत्रांतून लिहायची ती. शेवटी तापातसुद्धा तुझं नाव घेत होती." त्यांनी कागद तिच्यापुढं धरला. "बाळ, तू सांग मला. पाणी चांगलं होतं?"

खिडकीत मला अरुणाचा चेहरा दिसत होता. तिचे ओठ हलले. साहेब तिच्याकडे बघत होते. दुर्गाबाई जमिनीकडे बघत होत्या. एक शब्द. नुसता 'नाही' म्हणायचं होतं. तिच्या तोंडून आवाज फुटला नाही.

खोपकर वाट बघत राहिले. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मुली कपडे धूत होत्या तेव्हा अरुणा हातात काठी घेऊन आली आणि तिनं माझ्या तळाचं बूच उपसून काढलं. सगळं पाणी अंगणातून वाहू लागलं. मुली ओरडल्या, "अगं, काय करतेस? आज पाणी यायचं नाही!" तिनं कुणाकडे पाहिलं नाही. साडी खोचली आणि माझ्यात उतरली. मागोमाग सखू आली. "हट पोरी, तुला जमाचा नाय. माजं काम हाय ता," म्हणाली आणि तीही आत उतरली.

दोघी दुपारपर्यंत माझ्यात होत्या. हातांनी त्यांनी गाळ ओढला. पारव्याची हाडं, पिसं, एक कावळा, एक रबरी चप्पल, कुजलेला पाला, घोट्याइतका काळा चिखल. अरुणा एकेक बादली भरून वर द्यायची आणि मुली, ज्या आधी ओरडल्या होत्या, त्याच आता रांग करून त्या बादल्या हातोहात पुढं नेऊ लागल्या. सगळा गाळ त्यांनी ऑफिसच्या पायऱ्यांवर नेऊन ओतला. सखू आतून सोडणानं रगडत होती. अरुणा रगडता रगडता रडत होती. किती दिवसांनी माझं लोखंड उघडं झालं होतं! मला सुख व्हायला हवं होतं. झालं नाही. मला पाईपाचा तो सांधा ठाऊक होता.

संध्याकाळी अरुणानं लाकडाच्या फळ्या जोडून माझ्या तोंडावर टाकल्या, वर दोन विटा ठेवल्या. मग पायरीवर बसून तिनं खोपकरांना पत्र लिहिलं. सखूला ते वाचूनही दाखवलं. 'काका, पाणी चांगलं नव्हतं. मी दोन दिवस गप्प बसले. तुम्ही विचारलंत तेव्हाही गप्प बसले.' एवढंच होतं त्यात. सखूनं ते पदरात बांधलं आणि दिवाळ्याला जाता जाता टपालपेटीत टाकलं.

सोमवारी साहेब आले. पायऱ्यांवरचा गाळ पाहून त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. अरुणाचं नाव पटावरून काढलं. सखूला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. दुर्गाबाई काहीतरी बोलू गेल्या, तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, टाकी घाण होती, तर रेक्टर कोण होतं?"

अरुणा ट्रंक घेऊन निघाली तेव्हा मुली अंगणात जमल्या. कुणी तिच्या गळ्यात पडलं, कुणी पाया पडलं. एकीनं नळाचं पाणी तांब्यात घेऊन तिला दाखवलं. नितळ होतं. तळातली कल्हईसुद्धा दिसत होती. "बघ, अरुणाताई, तुझ्यामुळे." अरुणानं त्या तांब्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरासा सैल झाला. तेवढंच काय ते समाधान घेऊन ती गेली.

मित्रांनो, त्याच सकाळी पाणी आलं होतं. सगळ्यात आधी गटारातलं, मग नळाचं. भरपूर पाण्यात ते मिसळलं आणि दिसेनासं झालं. अळ्या नव्हत्या, वास नव्हता. मुलींनी इतके दिवस निदान फडक्यानं गाळून घेतलं होतं, काहीजणी तर तहान मारून राहत होत्या. आता त्या विश्वासानं, पोटभर प्यायल्या. अरुणाताईनं स्वतःच्या हातांनी धुतलेली टाकी होती ना! मार्चअखेर आणखी अकराजणी पिवळ्या पडल्या. त्या जगल्या, पण त्यातल्या चौघी परत आल्या नाहीत. तो पाईप पुढं दोन वर्षांनी, रस्ता रुंद करताना, आपोआपच बदलला गेला. कुणी चौकशी केली नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. अठ्ठ्याऐंशीत माझा तळ सुटला आणि मला उतरवून इथं टाकलं.

सखू पुढं फाटकाबाहेर टोपलीत बोंबील घेऊन बसायची. तिच्याकडूनच रखवालदाराला कळलं आणि मला ऐकू आलं. अरुणा ओतूरला वडिलांच्या मशिनीशेजारी बसून काजं करते. लग्न झालेलं नाही. तिच्या पत्राला महाडहून उत्तर आलं की नाही, ते सखूलाही माहीत नव्हतं. एकच गोष्ट सखूनं तिला कधी कळवली नाही, ती म्हणजे त्या अकरा मुलींची. मी रोज मनात हेच मागते, की ती तिला कुणीही, कधीही सांगू नये.

आता कोंबड्या आत यायची वेळ झाली. जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं मागते. तुमच्यापैकी कुणी उद्या शिक्षक व्हाल, कुणी रेक्टर, कुणी साहेब व्हाल. एखादी मुलगी गढूळ पाण्याची बाटली तुमच्या टेबलावर आणून ठेवील. तिला कागद देऊ नका. उठा, तिच्याबरोबर अंगणात या, आणि वाकून बघा. नुसतं टाकीत बघून परत जाऊ नका. पाणी जिथून येतं तिथवर तिच्याबरोबर चालत जा. तेवढं अंतर चालायला माझ्या पोरींसाठी कुणी मिळालं नाही.